जुन्या गाडीला रंग द्यायचाय? दुकानातली प्रायमरमधली गाडी आधी बघा

कुठल्याही बॉडी शॉपमध्ये चौकशीला गेलं की मालक आधी दारातली, आजच पॉलिश झालेली गाडी दाखवतो. ती बघून काहीही कळत नाही. ताज्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक चमकदार थरावर, कंपाउंडची पॉलिश पेस्ट फिरवली की पहिल्या दिवशी स्वस्तातलं काम आणि तिप्पट पैशांचं काम जवळजवळ सारखंच चमकतं. फरक दिसायला मध्ये एक पावसाळा जावा लागतो. बघायची ती मागच्या कोपऱ्यातली गाडी: राखाडी प्रायमरमधली, हेडलाइट काढलेली, दारांची रबरं उतरवलेली. आणि अशी अर्धवट गाडी दुकानात एकही नसेल, तर पुन्हा एकदा, न सांगता चक्कर मारा.

इथे तुलना आहे ती पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांत मिळणाऱ्या तीन प्रकारच्या दुकानांची. गाडी म्हणून डोळ्यासमोर मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका या वयाची हॅचबॅक ठेवली आहे. ८०० चं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, म्हणजे सगळ्यात तरुण ८०० सुद्धा आता जुनीच.

अधिकृत वर्कशॉप हा पहिला पर्याय. तिथे हिशोब पॅनलवर चालतो. बॉनेट, दोन फेंडर, चार दरवाजे, मागच्या चाकांवरचे दोन क्वार्टर, छत आणि डिकी मिळून ११ पॅनल; बंपरही रंगवायचे असतील तर १३. एका पॅनलचा दर ऐकताना बरा वाटतो, पण त्याला ११ ने गुणलं की आकडा कित्येकदा गाडीच्या बाजारभावाच्या पुढे जातो. काम नेटकं होतं, बिल पक्कं मिळतं, कोड बघून रंग बनतो. अडचण गंजाची. कुजलेला पत्रा कापून ठिगळ लावायला तिथे सहसा कोणी तयार नसतं. ते पॅनल बदलायला सांगतात, आणि वीस वर्षांच्या गाडीचं पॅनल मिळतंच असं नाही. अपघात होऊन दोन-तीन पॅनल खराब झाले असतील आणि विम्याचा दावा असेल, तर मात्र इथेच जावं. विम्यात रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात. मजुरी आणि मटेरियल वेगळं न दाखवता एकच आकडा लावला असेल, तर त्यातला २५ टक्के भाग मटेरियल धरून त्यावर तो घसारा लागतो. त्यामुळे बिल कसं फोडलंय ते सर्व्हेअरच्या आधी आपण बघितलेलं बरं. रंग उन्हाने विटला, जुना झाला, म्हणून विमा छदामही देत नाही.

दुसरा पर्याय बूथ, म्हणजे रंग फवारायची बंद खोली, असलेल्या मल्टिब्रँड शॉपचा आणि तिसरा गल्लीतल्या गॅरेजचा, म्हणजे एक डेंटर, एक पेंटर, एक पोऱ्या आणि एक कंप्रेसर. जुन्या गाडीसाठी खरी निवड या दोघांतच असते. पुण्या-मुंबईकडे अख्ख्या हॅचबॅकला गल्लीत साधारण २० ते ३० हजार आणि बूथवाल्याकडे ४० ते ६५ हजार सांगतात. गंजाच्या पत्राकामाचे पैसे दोन्हीकडे वेगळे. पण बूथ आहे म्हणजे दुकान चांगलं, असं समीकरण नाही, आणि गल्लीतला तो सगळा भंगार, असंही नाही. काही खुणा दोन्हीकडे तपासाव्या लागतात.

पुट्टी कोरडी घासतात की पाणी मारून?

एकच प्रश्न विचारायची मुभा असेल तर हा विचारा. पॉलिस्टर पुट्टी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत लांबी, सुकल्यावर दगडासारखी लागते, पण आतून ती स्पंजासारखी सच्छिद्र असते. तिच्यावर पाणी ओतून वॉटर पेपर फिरवला की ती पाणी पिते. वरून प्रायमर आणि रंग बसला की ते पाणी आत कोंडतं. एप्रिलच्या उन्हात त्याची वाफ होऊन रंगाला बारीक फोड येतात, किंवा ते पत्र्यापर्यंत उतरून खालून गंज धरतं. मग गिऱ्हाईक म्हणतं रंग हलका होता, आणि पेंटर म्हणतो गाडी उन्हात ठेवली. दोघांचंही चुकतं, दोष रंगाच्या तीन थर खालचा असतो.

नीट पद्धत अशी. पुट्टी ८० नंबरच्या पेपरने कोरडीच घासायची, लाकडी किंवा रबरी ठोकळ्यावर पेपर लावून. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांच्या रेषेत खळगे पडतात आणि ते चमकदार रंगात आडव्या उजेडात लाटांसारखे दिसतात. मग १८०, मग २४०. पाण्याचा पेपर येतो तो सर्फेसर, म्हणजे पुट्टीवरचा प्रायमरचा जाड थर, मारून पूर्ण सुकल्यावर: सॉलिड, म्हणजे चकाकीचे कण नसलेल्या, रंगाखाली ६०० चालतो, मेटॅलिकखाली ८०० हवा. सर्फेसरवर काळ्या रंगाचा हलका फवारा मारून मग घासतात का, तेही बघा. काळे ठिपके जिथे उरतात तिथे खड्डा आहे, हे त्यावरून कळतं. ज्या दुकानातल्या प्रायमरमधल्या गाडीवर असे काळे ठिपके दिसतील, तिथला पेंटर स्वतःच्या डोळ्यांवरही आंधळा विश्वास ठेवत नाही. शुभलक्षण.

पुट्टीत हार्डनर किती घालतात हेही डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. प्रमाण वजनाच्या दोन-तीन टक्के, म्हणजे लिंबाएवढ्या पुट्टीला मोठ्या वाटाण्याएवढं. लवकर सुकावी म्हणून पोऱ्या दुप्पट पिळतो. जास्तीचं हार्डनर नंतर वरच्या रंगात झिरपतं आणि पांढऱ्या गाडीवर पिवळट-तपकिरी डाग उमटतो. तो पॉलिशने जात नाही, खरवडूनच काढावा लागतो. पुट्टी फेटल्यासारखी घोटली की हवा अडकून सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. पात्याने दाबून, पसरून कालवली तर ती होत नाहीत. थराची जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून खोल पोचा असेल तर तो डेंटरने ठोकून वर आणायचा, पुट्टीने बुजवायचा नाही. चांगल्या पत्र्याच्या ८०० ला किलो-दोन किलो पुट्टी पुरते. अंदाजपत्रकात पाच किलो लिहिली असेल तर ते दुकान गाडी रंगवत नाही, मूर्ती घडवतं.

जुन्या रंगाखाली काय आहे

चांगलं दुकान दर सांगण्याआधी गाडी तपासतं. कापडाचा बोळा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये बुडवून डिकीच्या आतल्या कडेला किंवा पेट्रोलच्या झाकणामागे अर्धा मिनिट चोळला की कळतं. रंग कापडाला लागला आणि खालचा थर मऊ पडला तर गाडीवर आधी कोणीतरी एनसी किंवा साधा एनॅमल मारलेला आहे. काहीच झालं नाही तर कंपनीचा भट्टीतला रंग आहे, नाहीतर हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन). पहिल्या प्रकारावर थेट पीयू मारला तर त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि कढत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. अशी गाडी पत्र्यापर्यंत खरवडावी लागते. त्याला दोन-तीन दिवस जास्त लागतात आणि पैसेही. फियाट-अँबॅसेडरच्या जमान्यातल्या गाड्यांवर असे चार-पाच थर सापडतात. गॅरेजमध्ये अजून रंगाला सरसकट 'ड्यूको' म्हणतात ते त्या काळापासून. ड्यूको हे ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. तो एनसी लॅकर मागे पडला, शब्द राहिला. आज कोणी 'ड्यूको मारून देतो' म्हणालं तर नेमकं काय मारणार ते विचारायचं: एनसी, एक डब्याचा अ‍ॅक्रिलिक, की हार्डनरवाला पीयू? पहिल्या दोघांना पेट्रोलचा थेंबही सहन होत नाही आणि दोन उन्हाळ्यांत ते खडूसारखे होतात.

जाडी मोजायचं यंत्र असलेलं दुकान मिळालं तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. ३०० दिसलं की पुन्हा मारलेला, आणि हजाराच्या पुढे गेलं की खाली पुट्टी. यंत्र नसेल तर फ्रिजवरचं चुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे ते घसरून पडतं तिथे पुट्टीचा डोंगर आहे.

गंज तपासायच्या जागा ठरलेल्या: फेंडरचा चाकामागचा खालचा कोपरा, दारांच्या खालच्या कडा, दारांखालचा रनिंग बोर्ड, बॅटरीखालची ताटली, डिकीतली स्टेपनीची खोलगट जागा, आणि पुढच्या काचेच्या रबराखालची पत्र्याची चौकट. कोकणातल्या, गोव्यातल्या किंवा समुद्राजवळ उभ्या राहिलेल्या गाड्यांना शेवटची जागा हमखास. फोड आलेला रंग टोचून बघा. आत तपकिरी भुगा असेल तर पत्रा आतून बाहेर सडत आलाय. त्यावर जाळी आणि पुट्टी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा; भोक पुढच्या गणपतीपर्यंत परत डोकावतं. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा सीओटू वेल्डिंगने टाके घालत जोडायचा, सांधा घासून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारायचा. गॅस वेल्डिंगने पातळ पत्रा तापून वाकडा होतो आणि मग तो वाकडेपणा झाकायला पुन्हा पुट्टीच लागते. आतल्या बाजूला, म्हणजे रनिंग बोर्डाच्या आणि दाराच्या पोकळीत, मेणासारखं गंजरोधक फवारतात का, हा प्रश्न विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यावरून बरंच कळतं. उघडा केलेला पत्रा रात्रभर तसाच ठेवणारं दुकान मात्र सरळ वगळावं. मुंबईच्या हवेत सकाळी त्यावर केशरी झाक आलेली असते आणि ती न काढताच प्रायमर बसतो.

बूथ, आणि बूथचं कोठार

बूथचे उपयोग दोन: धूळ बाहेर ठेवणं आणि रंग भाजणं. कारखान्यात गाडीचा रंग साधारण १४० अंशांवर भाजला जातो, कारण तेव्हा तिच्यात सीट, वायरिंग, काचा काहीच नसतं. तयार गाडीला तेवढी आच देता येत नाही. म्हणून बॉडी शॉपमध्ये हार्डनरवाला रंग वापरतात आणि पत्र्याचं तापमान ६० अंशांवर अर्धा तास ठेवतात. तेव्हा 'अगदी कंपनीसारखा रंग' ही जाहिरात झाली, रसायनच वेगळं आहे. पण नीट मारलेला पीयू टिकतो, त्यात वाद नाही.

बूथ बघायला आत शिरा. आत बंपर रचलेले, टायर टेकवलेले, कोपऱ्यात पोऱ्याची सायकल असेल तर तो बूथ दुकानाच्या पाटीसाठी बांधलाय. जमिनीवरच्या जाळीखालचे फिल्टर रंगाने कडक झाले असतील तर हवा खाली ओढली जात नाही आणि फवाऱ्याची धूळ परत गाडीवर बसते. बर्नर डिझेलवर चालतो, त्यामुळे खर्च वाचवायला बरेच जण तो पेटवतच नाहीत, नुसता पंखा लावतात. विचारा: लॅकरनंतर बर्नर किती वेळ चालतो? आकडा लगेच आला तर चालतो.

बूथ नसलेला पेंटर पहाटे फवारणी करत असेल, आधी जमीन पाण्याने ओली करत असेल, प्लास्टिकचे पडदे लावत असेल, तर सॉलिड पांढऱ्या ८०० चं काम तो झकास करू शकतो. त्यासाठी वेगळ्या लॅकरचा घाट नको. एकाच थरात चमकणारा हार्डनरवाला सॉलिड पीयू घ्यावा. धुळीचा कण बसला तरी २००० च्या पेपरने घासून पॉलिश करता येतो, आणि पुढे ओरखडा आला तर तेवढंच दुरुस्त होतं. चंदेरी गाडी मात्र त्याच्याकडे देऊ नये. सिल्व्हरमधले अ‍ॅल्युमिनियमचे कण गनचं अंतर, दाब आणि हाताचा वेग जसा बदलेल तसे आडवे-उभे बसतात आणि दारावर ढग आल्यासारखे पट्टे दिसतात. त्याला १.३ किंवा १.४ नोझलची गन, स्थिर दाब आणि शेवटचा लांबून मारलेला हलका हात लागतो. एकच गन प्रायमरला आणि लॅकरलाही वापरणारा पेंटर सिल्व्हरला हात लावण्याच्या लायकीचा नाही, मग तो कितीही वर्षांचा उस्ताद असो. प्रायमरची गन वेगळी, १.६ ते १.८ नोझलची.

कंप्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून पाणी काढतात का, गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर आहे का, हेही बघा. पावसाळ्यात हवेतलं पाणी नळीतून गनपर्यंत येतं आणि रंगात फोड होऊन उतरतं. आणि पेंटरच्या तोंडावर काय आहे ते बघा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल बांधून दिवसाला दोन गाड्या मारून घेणारा मालक कारागिराच्या फुप्फुसावर पैसे वाचवतो आहे. तो तुमच्या लॅकरवर वाचवणार नाही, असं कशावरून?

रंग जुळवणं आणि अंदाजपत्रक

रंगाचा कोड गाडीवरच असतो, बहुतेक मारुतींना इंजिनच्या खणातल्या पट्टीवर. अख्खी गाडी रंगवायची तर कोडप्रमाणे रंग पुरतो. पण चारच पॅनल रंगवायचे असतील तर कोड फसवतो, कारण वीस वर्षांत 'सुपीरिअर व्हाइट' साबुदाण्याच्या रंगाकडे झुकलेला असतो. आधी जुन्या पॅनलचा एक भाग पॉलिश करायचा, त्याच्याशी जुळवायचं, एका सुट्या पत्र्यावर रंग आणि लॅकर दोन्ही मारून सुकवायचं, आणि तो पत्रा गाडीला लावून आधी उन्हात, मग ट्यूबलाइटखाली बघायचा. उन्हात जुळलेला रंग दिव्याखाली वेगळा दिसू शकतो. नुसता डब्यात बोट बुडवून 'सेम टू सेम' म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

अंदाजपत्रकात मटेरियल नावानिशी लिहून घ्या. ८०० च्या बाहेरच्या अंगाला बेसकोट-लॅकर पद्धतीत (खाली रंगाचा बेसकोट, वर पारदर्शक लॅकर) साधारण दीड ते दोन लिटर बेसकोट, दोन लिटर लॅकर आणि त्याला एक लिटर हार्डनर, दोन लिटर सर्फेसर लागतं. लाल आणि पिवळा खालचं झाकत नाहीत, त्यांना बेसकोट जास्त. लॅकर ग्लासुरिट, स्पीस हेकर, सिकन्स, निप्पॉन, नेरोलॅक यांपैकी कुठलंही असो, त्याचं हार्डनर आणि थिनर त्याच कंपनीचं हवं. फसवाफसवीची नेहमीची जागा हीच: लॅकरचा डबा नावाजलेला, हार्डनर सुटं. दोन भागाला एक भाग हे प्रमाण मोजपट्टीच्या भांड्यात होतं. 'अंदाजाने टाकतो, हात बसलाय' हे उत्तर चालत नाही. हार्डनर कमी पडलं की लॅकर वर्षभर नखाने दबतो. सीलबंद डबे समोर फोडायचे, असं आधीच ठरवा.

मग सामान काढण्याचा मुद्दा. संवाद बहुधा असा होतो:

"दादा, दारांची रबरं, हँडल, मागचे दिवे काढणार ना?"

"कशाला? टेप लावून मारतो, कळणारसुद्धा नाही."

कळतं. टेपच्या कडेला रंगाची पायरी तयार होते, तिथून पाणी शिरतं आणि दीड-दोन वर्षांत तिथूनच लॅकरचे पापुद्रे निघायला लागतात. दिवे, हँडल, आरसे, बीडिंग, रबरं आणि बंपर निघालेच पाहिजेत. ८०० ची पुढची काच रबरात बसवलेली असते. ती काढायची नसेल तर निदान रबराच्या ओठाखाली नायलॉनची दोरी सरकवून ओठ वर उचलायचा, म्हणजे रंग रबराच्या आतपर्यंत जातो. दोरी वापरणारा पेंटर दिसला की निम्मा निर्णय झाला. जुन्या क्लिपा काढताना तुटतात. पुण्यात नाना पेठेत आधीच डझनभर घेऊन ठेवा, नाहीतर परत येताना दाराचं पॅड खडखडतं. नंबरप्लेट एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) असेल तर तिचे लॉक काढले की मोडतात, परत लागत नाहीत. प्लेट बंपरवर असेल तर बंपरासकट उतरवा, आणि उगाच कोणाला पाना लावू देऊ नका. बंपर काळ्या खरखरीत प्लॅस्टिकचे असतील तर ते रंगवण्याच्या फंदात पडू नये. रंगवायचेच तर प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर आधी, नाहीतर पहिल्याच घासाघाशीत साल निघते.

गाडी द्यायच्या आधी पंधरा दिवस डॅशबोर्ड किंवा टायर पॉलिश मारू नका. त्यातलं सिलिकॉन उडून पत्र्यावर बसलं की रंग तिथून दूर पळतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात.

किती दिवस? सामान काढणं आणि पत्राकाम तीन-चार दिवस, पुट्टी दोन, सर्फेसर आणि त्याचं सुकणं दोन, घासणं एक, रंग एक, मग दोन दिवस हात न लावणं, जोडणी आणि पॉलिश दोन. बारा ते पंधरा दिवस सरळ मनाने सांगणारं दुकान बरं. चार दिवसांत देतो म्हणणाऱ्याकडे सर्फेसर सुकायला वेळच नसतो. तो रंगाखाली आकसत राहतो आणि तीन महिन्यांनी पुट्टीच्या ठिगळांची सीमारेषा नकाशासारखी वर येते. काम काढायचं ते जानेवारी ते एप्रिल. जुलै-ऑगस्टमध्ये बर्नर चालू असलेल्या बूथशिवाय नको, आणि दसऱ्याच्या आधीचे दोन आठवडे तर कुठेच नको, तेव्हा प्रत्येकाला गाडी पूजेला हवी असते.

पैसे तीन हप्त्यांत: एक तृतीयांश आधी, एक सर्फेसर घासून झाल्यावर गाडी प्रत्यक्ष बघून, उरलेले ताब्यात घेताना. मधला हप्ता महत्त्वाचा, कारण चूक सुधारता येते ती तेव्हाच. पापुद्रे आणि फोड यांची वर्षाची हमी बिलावर लिहून घ्या. गंजाची हमी कोणी देत नाही, आणि देणाऱ्यावर जास्त संशय घ्यावा.

रंग बदलायचा विचार असेल तर आरसीवर रंग नोंदलेला असतो हे विसरू नका. आरटीओत नोंद आणि विमा कंपनीला कळवणं दोन्ही आलं. ऑलिव्ह ग्रीन तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार लष्कराच्या गाड्यांशिवाय कोणालाच चालत नाही, जीप कितीही शोभून दिसली तरी. १५ वर्षांनंतरच्या पासिंगसाठी रंगाचं काम काढत असाल तर इंजिनच्या खणात चॅसिस नंबर खोदलेल्या जागेवर टेप लावायला स्वतः सांगा. त्यावर पुट्टी किंवा जाड रंग चढला, किंवा घासून अंक पुसट झाले, तर पासिंगच्या वेळी नंबर वाचता न आल्याने गाडी परत पाठवतात.

ताब्यात घेताना दिवसा जा, गाडी कोरडी असू द्या. ओल्या गाडीवर काहीच दिसत नाही, आणि संध्याकाळी सातला बोलावणाऱ्याला ते माहीत असतं. दारात उभं राहून पॅनलवर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. रेघ सरळ असेल तर पत्रा सपाट, थरथरली तर लाट. रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर थोडासा चालतो, कंपनीच्या रंगातही असतो. ओघळ मात्र काढूनच घ्यायचा. दाराच्या खालच्या कडेची पाणी जायची भोकं काडी घालून तपासा, ती पुट्टीने किंवा अंडरकोटने बुजलेली असतात आणि मग दार आतून कुजतं. काचा खाली-वर, इंडिकेटर, डिकीचा दिवा, वायपरचं पाणी, सगळं चालवून बघा.

पहिला आठवडा गाडी धुऊ नका, कव्हर घालू नका, आणि झाडाखाली उभी करू नका. पक्ष्याची शीट ताज्या लॅकरमध्ये एका दुपारीत खड्डा पाडते. वॅक्स महिनाभर नाही. निघताना उरलेला बेसकोट मागून घ्या, थिनर न घातलेला, दोनशे मिली तरी, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत. बाटलीवर रंगाचा कोड आणि मिक्सिंगची चिठ्ठी चिकटवायला सांगा. सोसायटीच्या खांबाला दार घासलं की लागेल.